परिशिष्ट सात

लीड्समधला पायऱ्यापायऱ्यांचा वर्ग,
शेवटच्या रांगेत मला पाहुणी म्हणून बसवलंय.
समोर वीस पानांची केस: वॉर्फ अँड कॉल्डर बँक, एक विलीनीकरण.
माझं नाव त्यात नाही. अकराव्या पानावर मात्र मी आहे:
'सहायक सेक्रेटरींनी इतिवृत्त नोंदवले.'

डॉ. फेन्टन बाह्या सरसावून विचारतात,
'अकरा संचालक. सात तास.
एकानेही प्रश्न का विचारला नाही?'
हात वर होतात.
इफेओमा म्हणते, चेअरमनचा दरारा.
हडर्सफील्डचा कॅलम म्हणतो, बोनस.
कुणीतरी म्हणतं ग्रुपथिंक,
आणि तो शब्द फळ्यावर जाऊन
वर्तुळात बसतो.

माझ्या जिभेवर आमच्याकडचं येतं:
भटजी म्हणतील ते म्हणतील,
यजमानाने पळीभर पाणी सोडायचं
आणि मम म्हणायचं.
ह्याला इंग्रजी सापडत नाही. गिळते.

नोव्हेंबर होता. तिसरा मजला, कॅनॉलकडची खोली,
कडा वळलेली सँडविचेस.
मी अठ्ठावीस वर्षांची. कान इंग्रजीत,
हात मराठीत पळायचा, तोच माझा शॉर्टहँड.
अकरा वाजून दहा मिनिटांनी
ऑर्मरॉड सग्डन, जाड भिंगांचे, लोकरीच्या पेढीवरचे,
म्हणाले, 'दोनशे चौदावं पान
इथे कुणी वाचलंय?'

एक चमचा कपाला लागला. तेवढंच.
चेअरमन म्हणाले, 'वाचलंय असं धरून चालू.'
धरून चाललो.

संध्याकाळी मसुदा परत आला.
सग्डनांचं वाक्य हिरव्या पेन्सिलीने खोडलेलं,
पट्टी लावून, नीट.
समासात: 'चर्चा झाली, एवढं पुरे.'
मी टाइप केलं: चर्चा झाली.
ठराव सर्वानुमते संमत.
सर्वानुमते. गोल शब्द,
धरायला कुठे कोपराच नाही.
(वही अजून आहे. हेडिंग्लीच्या घरी,
गॅसच्या जुन्या बिलांखाली.)

कीथलीच्या शाखेत मॉरीन ॲक्रॉइड
एकतीस वर्षं काउंटरवर होती.
नाताळला मिळालेले शेअर तिने कधी विकले नाहीत.
आपल्याच बँकेचे कसे विकायचे, म्हणायची,
जसं काही कुणी तिला
घरातली भांडी मोडायला सांगितली होती.
केसमध्ये ती परिशिष्ट नऊच्या एका आकड्यात आहे,
तीन हजार चारशे बारा.
त्यावरून बोट फिरवून पाहिलं.
कागद गुळगुळीत आहे.

सग्डन गेल्या मार्चमध्ये गेले.
पेपरात आलं, 'त्या अकरांपैकी एक.'
चर्चमध्येही मी शेवटच्याच बाकावर होते.

'नोंद नाही,' फेन्टन म्हणतात,
'म्हणजे कुणी विचारलं असं आपल्याला म्हणता येणार नाही.
आमच्या पाहुण्यांना काही सांगायचंय?'

बत्तीस माना वळतात.
मी म्हणाले, 'त्या खोलीत हीटिंग फार होतं.'
वर्ग हसला. फेन्टनही.
मीसुद्धा, जरा उशिरा.

तास संपला. केसच्या प्रती परत द्यायच्या असतात,
कॉपीराइट आहे.
मी परिशिष्ट सातखाली, पेन्सिलीने, बारीक अक्षरात
ते एक वाक्य लिहिलं,
वेळेसकट.

इफेओमा गठ्ठा गोळा करत आली.
माझं पान बघून थबकली.
'किती छान दिसतंय. काय आहे हे?'
'पान नंबर,' मी म्हणाले.

ती पुढच्या रांगेकडे निघाली,
दोन पायऱ्या उतरली,
आणि गठ्ठा छातीशी धरून वळली:
'कुठलं पान?'